गावाची धावपट्टी

विमानतळ हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे किंवा हैदराबादचे चित्र उभे राहते. काचेच्या भिंती, सरकते जिने, सामानाच्या गाड्या आणि शेकडो माणसांना पोटात घेऊन उडणारी अजस्र विमाने! त्यामुळे हिंगोलीसारख्या जिल्ह्यात विमानतळाचा विषय निघाला म्हणजे दोनच तऱ्हेची मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "आधी रस्ते नीट करा, मग विमाने उडवा." दुसरा म्हणतो, "शेजारच्या जिल्ह्यात विमाने उतरतात, मग आमच्याच कपाळी उपेक्षा का?" हे दोन्ही पक्ष एकमेकांशी हिरिरीने भांडत असले, तरी दोघांच्या मनातले चित्र एकच असते. विमानतळ म्हणजे प्रवासी विमानांचा थांबा, असे दोघांनीही धरून ठेवलेले असते.

वस्तुस्थिती निराळी आहे. अमेरिकेचेच उदाहरण घ्या. तेथे सर्वांना खुले असलेले सुमारे ५००० विमानतळ आहेत. परंतु ठरलेल्या वेळापत्रकाने प्रवासी विमाने जातात-येतात असे त्यांत जेमतेम ५०० निघतील. उरलेल्या हजारो ठिकाणी तिकिटाची खिडकीसुद्धा नाही. एक धावपट्टी, दोनचार छपऱ्या, इंधनाची टाकी आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी एक कापडी पिशवी, एवढाच त्यांचा संसार. आणि गंमत अशी की यांतले बहुसंख्य विमानतळ तेथील नगरपालिकांच्या किंवा जिल्हा मंडळांच्या मालकीचे आहेत. आपल्याकडे नगरपालिकेचा पाणीपुरवठा असतो, नगरपालिकेचे वाचनालय असते. तसा तेथे नगरपालिकेचा विमानतळ असतो. अशा लहान विमानतळाला लागते काय, त्याचा उपयोग काय आणि त्याचा धनी कोण असावा, या तीन प्रश्नांचा विचार आज आपण करू. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे; परंतु पहिले दोन नीट समजल्यावाचून त्याचे मर्म ध्यानात येणार नाही.

प्रथम धावपट्टीकडे वळू. धावपट्टी म्हणजे रुंद केलेला रस्ता, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. विमान नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उठते आणि वाऱ्याला तोंड देऊनच उतरते. समोरून येणारा वारा पंखांना आयती उचल देतो. आडवा वारा मात्र त्याला बाजूला ढकलतो. म्हणून धावपट्टीची दिशा जमिनीच्या सोयीने ठरत नाही, ती वाऱ्याच्या सवयीने ठरते. आपल्या भागात पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि हिवाळी वारा बहुधा पूर्वेच्या बाजूने वाहतो. नांदेडच्या धावपट्टीच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्या टोकाला २८ हा आकडा का, याचा उलगडा येथे होतो. होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजलेल्या अंशांतला शेवटचा आकडा गाळला की हा क्रमांक मिळतो. १० म्हणजे १०० अंश, पूर्वेच्या किंचित दक्षिणेला. २८ म्हणजे २८० अंश, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला. धावपट्टीवर रंगवलेला तो आकडा म्हणजे त्या मुलखातल्या वाऱ्याची कुंडलीच होय.

दुसरी गोष्ट लांबीची. हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचाही जोर घटतो. जसजसे आपण समुद्रसपाटीपासून वर जाऊ तसतशीही हवा विरळ होते. यासाठी अभियंत्यांनी सोपे कोष्टक ठरवले आहे. दर ३०० मीटर उंचीला लांबी ७ टक्के वाढवावी, आणि त्या उंचीवरच्या प्रमाणित तापमानाच्या वर दर अंशाला आणखी १ टक्का. आता हिंगोलीचा हिशेब करून पाहा. उंची सुमारे ४५० मीटर आणि वैशाखातले दुपारचे तापमान ४१ अंश धरले, तर समुद्रकाठी थंड हवेत १००० मीटर पट्टी पुरणाऱ्या विमानाला येथे सुमारे १४२५ मीटर लागतील. आपले ऊन केवळ माणसांनाच थकवते असे नाही. ते विमानालाही चारशे मीटर अधिक धावायला लावते!

तिसरी गोष्ट जमिनीची. आपली काळी कसदार माती कापसाला, सोयाबीनला आणि हळदीला माउली असली, तरी बांधकामाला ती सावत्र आई आहे. पावसात ती फुगते, उन्हात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट पट्टी अंथरली तर दोनचार वर्षांतच लाटा उठू लागतात. म्हणून ती खोलवर उकरून काढावी लागते, मुरूम व खडी भरून थरांवर थर दाबावे लागतात आणि पाण्याचा निचरा दोन्ही अंगांनी करावा लागतो. एवढे करूनही काम संपत नाही. कुंपण हवे, नाहीतर गुरे, कुत्री आणि रोही पट्टीवर येतात. गवत कापलेले हवे, नाहीतर त्यात किडे, किड्यांवर पक्षी, आणि पक्षी म्हणजे विमानाचे शत्रू. अग्निशमन बंब सज्ज हवा. १९३७ च्या विमान नियमांत तर विमानतळाच्या १० किलोमीटरच्या घेरात उघड्यावर कत्तल करण्यास आणि घारी-गिधाडे जमतील असा केरकचरा टाकण्यास बंदी घातलेली आहे. हा नियम नीट लक्षात ठेवावा. विमान उडवणारा वैमानिक दिल्लीहून आलेला असेल, परवाना देणारे खातेही दिल्लीतले असेल. परंतु त्याच्या वाटेतली घार गावाच्या उकिरड्यावरून उठते. विमानतळाची सुरक्षितता ही निम्मी गावाच्या हाती असते, ती अशी.

आता उपयोगाकडे येऊ. येथे आपण भाबडेपणा टाकला पाहिजे. विमानतळ आला की आपली हळद परदेशी उडून जाईल, असे कोणी सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. वसमतची हळद वाळलेली, टिकाऊ आणि वजनदार असते. तिला घाई नाही. ती मालमोटारीने आणि रेल्वेने जाते, हेच शहाणपणाचे आहे. विमानाने जाते ती वस्तू हलकी, मोलाची आणि नाशवंत असली पाहिजे.

अशा वस्तूंत सर्वांत मोलाची म्हणजे वेळ. मृत्यूनंतर दान केलेले हृदय साधारणपणे चारसहा तासांत दुसऱ्याच्या छातीत बसवावे लागते. नांदेडहून मुंबईचा रस्ता दहाबारा तासांचा आहे. लहान विमानाला तेच अंतर दीडदोन तासांचे. भाजलेला किंवा अपघातात सापडलेला रोगी मोठ्या रुग्णालयात न्यायचा असो, पुरात वेढलेल्या गावांवर नजर फिरवायची असो, की तातडीने औषधे आणायची असोत, अशा प्रसंगी प्रवाशांचे वेळापत्रक कोणी विचारीत नाही. उतरता येईल अशी पट्टी जवळपास आहे की नाही, एवढेच विचारले जाते.

दुसरा उपयोग शिक्षणाचा. गोंदियाजवळच्या बिरशीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी केली. युद्ध संपले आणि ती बहुतांशी ओस पडली. या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे वैमानिक शिकवणारी संस्था आली आणि त्या माळरानावर पुन्हा दिवसभर लहान विमानांची घरघर सुरू झाली. शिकाऊ वैमानिकाला मोठे शहर नको असते. त्याला मोकळे आकाश, स्वच्छ हवा आणि गर्दी नसलेली पट्टी हवी असते. हे धन मराठवाड्यात आणि विदर्भात भरपूर आहे.

तिसरा उपयोग शेतीचा आणि पावसाचा. बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्याने पिकांवर औषध फवारण्यासाठी एक विमान बनवले होते. त्याचे नाव 'बसंत'. ते १९७२ मध्ये प्रथम उडाले आणि अशी चाळीसच्या आत विमाने तयार झाली. आज फवारणीचे ते काम ड्रोन करू लागले आहेत आणि त्यांना धावपट्टी लागत नाही. तेव्हा तो उपयोग मागे पडला असे प्रामाणिकपणे म्हणावे. परंतु ढगांचे काम अजून विमानाचेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये मराठवाड्यात कृत्रिम पावसाचा प्रयोग झाला, तेव्हा विमान औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, उडाले. योग्य ढग आकाशात काही मिनिटेच टिकतो. धावपट्टी दूर असली तर विमान पोचेपर्यंत तो ढग निघून गेलेला असतो.

या उपयोगांत एक समान सूत्र आहे. प्रवासी विमान हे लग्नातल्या वऱ्हाडासारखे असते. येते तेव्हा थाटाने येते, आणि परवडले नाही की निरोप न घेताच नाहीसे होते. विमानतळाचा रोजचा संसार मात्र लहान विमानांवर चालतो. आपल्या शेजारचीच उदाहरणे पाहा. नांदेडच्या विमानतळाला २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने नवे रूप मिळाले आणि विमाने सुरू झाली. पुढे ती थांबली. २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान' योजनेतील देशातली पहिली विमाने निघाली, त्यांत नांदेड-हैदराबाद हे विमान होते. नांदेडकरांना केवढा अभिमान वाटला! या योजनेत नव्या मार्गाला सरकार तोट्याची भरपाई देते, ती तीन वर्षे. २०२२ मध्ये ती विमान कंपनीच बंद पडली. २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमाने आली. पंधरासोळा वर्षांत असे चढउतार झाले. या काळात धावपट्टी जागेवरच होती; तिच्यावरचे वऱ्हाड तेवढे बदलत होते.

येथे आपण तिसऱ्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. धावपट्टीचा धनी कोण?

आपल्या राज्यघटनेत 'हवाईमार्ग, विमाने आणि विमानतळांची तरतूद' हा विषय केंद्राच्या सूचीत २९ व्या क्रमांकावर आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना १८ कामांची यादी दिली. तीत पाणी आहे, रस्ते आहेत, स्मशाने आहेत, कोंडवाडे आहेत, दिवाबत्ती आणि बसथांबेदेखील आहेत, विमानतळ नाही. आकाशाचे नियम सर्व देशाला एकच हवेत, म्हणून विषय केंद्राकडे असणे योग्यच आहे. परंतु नियम कोणी करावे आणि दारात झाडू कोणी मारावा, हे प्रश्न निराळे आहेत.

आपल्या भागात या गोष्टीचा इतिहासही आहे. हिंगोली ज्या हैदराबाद संस्थानात होती, त्या संस्थानाने १९४५ मध्ये टाटांच्या भागीदारीत 'डेक्कन एअरवेज' ही स्वतःची विमान कंपनी काढली. १९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांनी उभारला आणि ५ जानेवारी १९३९ रोजी त्याचे उद्घाटन झाले. संस्थानिकांची राजवट कशी होती हा भाग वेगळा; पण धावपट्टीचा धनी त्या मुलखातच राहत होता, त्याला हाक मारली तर ऐकू जाण्यासारखी होती, एवढे खरे. त्यानंतर धनी दूर गेला. लातूरची पट्टी १९९१ च्या सुमारास सार्वजनिक बांधकाम खात्याने केली. पुढे ती औद्योगिक विकास महामंडळाकडे आली. २००९ मध्ये नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळ आणि बारामती हे पाचही विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एका खासगी कंपनीला देण्यात आले. ९५ वर्षे म्हणजे किती? करार झाला त्या दिवशी जन्मलेले मूल पणजोबा होईल एवढी! हा करार कायदेशीर होता, यात वाद नाही. परंतु विमान का बंद पडले, पट्टीची डागडुजी केव्हा होणार, हे विचारायला गावकऱ्यांनी जायचे कोठे? नगरपालिकेत त्याची फाइल नाही, जिल्हा परिषदेत त्याचा ठराव नाही.

मग अमेरिकेसारखी मालकी गावाला दिली म्हणजे सर्व सुरळीत होईल काय? तसेही नाही. दोन दाखले पुरेत. शिकागो शहराचा मीग्ज फील्ड नावाचा लहान विमानतळ सरोवराच्या काठी होता. महापौरांना तेथे बाग हवी होती. ३० मार्च २००३ च्या रात्री शहराची यंत्रे आली आणि त्यांनी धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. सकाळी तेथे उभी असलेली विमाने जागच्या जागी अडकली. कायद्याप्रमाणे आगाऊ सूचना दिली नाही म्हणून शहराला ३३,००० डॉलर दंड झाला. विमानतळ मात्र परत आला नाही. दुसरा दाखला कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराचा. तेथे विमानतळाला घरे लागून होती. आवाज आणि शिसेमिश्रित इंधनाचा धूर यांनी नागरिक त्रस्त होते. शहर बंद करू म्हणे, केंद्र सरकार करू देत नव्हते, कारण पट्टीवर केंद्राचा पैसा आणि केंद्राच्या अटी होत्या. वर्षानुवर्षे खटले चालले. शेवटी २०१७ मध्ये तडजोड झाली: पट्टी आखूड करावी, आणि २०२८ अखेरनंतर शहराला विमानतळ बंद करता यावा. पहिल्या गावाने मालकीचा उपयोग रातोरात केला, दुसऱ्याने न्यायालयाच्या मार्गाने. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. नागरिकांना आपला राग आणि आपली बाजू नेमकी कोणापुढे मांडावी, हे ठाऊक होते. पुढच्या निवडणुकीत तो माणूस मते मागायला येणारच होता.

तात्पर्य असे की, लहान विमानतळाला दोन गोष्टी जिवंत ठेवतात: रोजचा लहान उपयोग आणि जवळचा उत्तरदायी धनी. यांपैकी एकही नसेल तर इमारत कितीही देखणी बांधा, तिच्या ओसरीवर कबुतरेच नांदतील.

आता हे सूत्र हिंगोलीला लावून पाहू. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. वसमतहून नांदेडची धावपट्टी तासाभराच्या वाटेवर आहे; हिंगोलीहून दोन तास धरा. एवढ्या अंतरावर दुसरी प्रवासी धावपट्टी मागणे म्हणजे दोन्ही पट्ट्यांना अर्धपोटी ठेवणे होय. शिवाय औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा असलेले हे यंत्र अब्जावधी वर्षांपूर्वी झालेल्या ताऱ्यांच्या टकरींची कंपने टिपणार आहे. ते इतके नाजूक असते की जमिनीचा हादरा आणि आकाशातला घरघराट यांपासून त्याला जपावे लागते. तेव्हा या जिल्ह्यातली शांतता हीच आता एक संपत्ती झाली आहे आणि तिचाही हिशेब धरला पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की हिंगोलीकरांनी नवी पट्टी मागण्याऐवजी असलेल्या पट्टीत वाटा मागावा. नांदेडची धावपट्टी कोणाच्याही ताब्यात असो, तिच्यावर देखरेख करण्यासाठी नांदेड महानगरपालिका, हिंगोली आणि परभणी येथील जिल्हा परिषदा व नगरपालिका यांचे प्रतिनिधी असलेले एक मंडळ असावे. त्याने वर्षातून दोनदा जाहीर सभा घ्यावी आणि पट्टी किती दिवस उघडी होती, किती दिवस बंद होती व का, याचा अहवाल लोकांपुढे ठेवावा. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयापासून धावपट्टीपर्यंत रोगी किती वेळात पोचतो, हे एकदा प्रत्यक्ष मोजून पाहावे. प्रत्येक तालुक्याच्या गावी हेलिकॉप्टर उतरण्याजोगी एक मोकळी, तार-खांब नसलेली जागा राखून ठेवावी. या मागण्यांना कोट्यवधी रुपये लागत नाहीत. लागते ती चौकसबुद्धी.

अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईचे विमान सुरू झाले, तेव्हा त्या मातीत पट्टीची कल्पना रुजून तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. इतका काळ एखादी मागणी धगधगत ठेवायची असेल, तर ती कशासाठी आहे हे मागणाऱ्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. आपल्या आजोबांनी गावविहिरीला कधी निव्वळ शोभेची वस्तू मानले नाही. गाळ कोणी काढायचा, रहाट कोणी दुरुस्त करायचा आणि पाणी कोणाला नाकारायचे नाही, याबद्दल ते पारावर बसून तावातावाने भांडत. धावपट्टी ही नव्या काळातली गावविहीर आहे. तिच्याविषयीही आपण असेच बारकाईने भांडू लागलो, की ती खऱ्या अर्थाने गावाची झाली म्हणून समजावे.